काळ्या लोकरीचा दोरा

राजेश्वरीनं घोड्यावर बसायचं ठरवलं, ही बातमी तिच्या नवऱ्यानं, शंकरप्पानं, चाटी गल्लीतल्या आपल्या कापडदुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट वाटली. साडी दाखवता दाखवता तो म्हणायचा, आमच्या घरची ही बाई आता नातवंडं खेळवायच्या वयात परदेशात जाऊन घोडा पळवणार आहे. गिऱ्हाईक हसायचं, तोही हसायचा. राजेश्वरी आतल्या पेढीवर बसून सगळं ऐकायची आणि मनातल्या मनात बॅग भरायची.

तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. वडिलांची एक पांढरी घोडी होती आणि शाळेतून आल्यावर राजेश्वरी तिच्यावर बसून शेताला चकरा मारायची. एक दिवस आईनं तिला हाताला धरून खाली उतरवलं. तू आता मोठी झालीस, एवढंच सांगितलं. मोठं झालं की घोड्यावरून उतरायचं, हा नियम कुणी केला ते तिनं तेव्हा विचारलं नाही, पण विसरलीही नाही. पुढं लग्न, दुकान, सासूचं आजारपण, पोरांची शिक्षणं. दरवेळी ‘पुढच्या वर्षी बघू’ असं म्हणण्यात किती वर्षं गेली त्याला गणती नाही. मग शाळेतून निवृत्त झालेल्या आणि बायकांच्या सहली काढणाऱ्या दाक्षायणी मॅडमनी किरगिझस्तानच्या सहलीचा फोटो मोबाइलवर पाठवला. हिरवं माळरान, निळं तळं, आणि घोड्यावर बसलेली एक म्हातारी. त्या म्हातारीकडं बघून राजेश्वरीनं जायचं पक्कं केलं.

खोलीत सोबत येणारी मैत्रीण ऐन वेळी गुडघे धरून बसली. तिच्या जागी मॅडमनी जी बाई दिली ती सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, मायाक्का. तिची लेक सृष्टी पोलिसात फौजदार होती आणि आईनं एकदा तरी विमानात बसावं म्हणून तिनंच हे सगळं जमवून आणलं होतं. राजेश्वरीनं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. लिंगायताचं घर, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. ती बाई मटण खाणार आणि त्याच खोलीत झोपणार. तिनं मॅडमना तसं स्पष्ट सांगितलं. वेगळी खोली नाही, यायचं तर या, असं मॅडमनीही तितकंच स्पष्ट सांगितलं.

राजेश्वरी गेली, पण बंदोबस्तानिशी. डब्यात कडक भाकऱ्यांची थप्पी, शेंगाचटणी, स्वतःचा पेला, स्वतःचं ताट. आणि गळ्यात, जन्मापासून अंगावर असलेलं, रुप्याच्या डबीतलं इष्टलिंग. त्याच्यासाठी तिनं खास या प्रवासाला नवा दोरा घेतला होता. जुना सुती दोरा घामानं आणि विभूतीनं मळला होता. परदेशात फोटो निघणार, त्यात तो मळका दोरा कशाला, म्हणून तिनं बाजारातून लाल चकचकीत, टोकांना जर लावलेला दोरा आणला. आपल्या माणसांचं हे असंच असतं. देव जुना चालतो, बाकी सगळं नवं लागतं.

मायाक्का दिल्लीच्या विमानतळावर आली ती खांद्यावर काळी घोंगडी टाकून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून आणि हातात लोकर कातायची टकळी फिरवत. सुरक्षेच्या बाईनं ती टकळी उलटीसुलटी करून पाहिली, साहेबाला दाखवली आणि शेवटी परत दिली. मायाक्कानं विमान सुटायच्या आधीच पुन्हा सूत काढायला घेतलं. हात रिकामा राहिला की तिला करमत नसे.

पहिल्याच सकाळी दोघींचं बिनसलं. राजेश्वरी अंघोळ करून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसली. मायाक्का कौतुकानं जवळ आली आणि नीट दिसावं म्हणून तिनं हात पुढं केला.

“हात लावू नका,” राजेश्वरी म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा चढाच लागला.

मायाक्कानं हात मागं घेतला. रागावली नाही, निदान दाखवलं तरी नाही. “बरं की,” ती म्हणाली. “तुमचा देव ल्हान हाय, पर संगं येतोय. आमच्या बिरोबाला आणायचा म्हटला तर डोंगर उचलाया लागंल.” आणि ती बाहेर जाऊन टकळी फिरवत बसली. राजेश्वरीला पूजेत हसू आलं, आणि पूजेत हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

बाकी दिवस दोघींनी अंतर ठेवूनच काढले. तिथले धनगर लोक नमद्याच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, गोल तंबूत राहतात. मायाक्का कुठल्याही तंबूत शिरली की तासाभरात त्या घरची व्हायची. भाषा एकीची दुसरीला येत नसे, पण मेंढीच्या पाठीवर हात फिरवून दोघी काय ते बोलून घ्यायच्या. जेवायला वाफाळतं मटण यायचं, मायाक्का चाटूनपुसून खायची. राजेश्वरी पाठ करून कोपऱ्यात कडक भाकरी मोडायची आणि तो कडाड आवाज ऐकून तिथली पोरं हसायची. रोज सकाळी सृष्टीचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न एकच असायचा, साखरेची गोळी घेतली का. मायाक्का हो म्हणायची. लेकीला शब्द दिला होता, तो ती पाळायची.

मग घोड्याचा दिवस आला. सोनकुल नावाचं तळं डोंगराच्या पलीकडं होतं. बस वळसा घालून जाणार होती, आणि ज्यांना खिंडीतून घोड्यावर जायचं त्यांनी नाव द्यायचं होतं. राजेश्वरीनं सगळ्यात आधी हात वर केला. तिनं आजूबाजूला पाहिलं तर बाकीच्या बायका आपापल्या पायांकडं बघत होत्या. दुसरा हात वर झाला तो मायाक्काचा. ज्या बाईला टाळत दिवस काढले, नेमकी तीच.

वाट दाखवायला ऐगुल नावाची तिथली बाई होती. राजधानीत डॉक्टरकी शिकायला आलेल्या भारतीय पोरांमध्ये राहून तिला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. घोडा चालायला लागला आणि राजेश्वरीच्या पायांना सगळं आठवलं. टाच कुठं लावायची, लगाम किती ढिला सोडायचा, चढाला अंग कसं पुढं झुकवायचं. खिंडीच्या माथ्यावर पोचल्यावर खाली निळं तळं दिसलं, आणि तिच्या डोळ्यांना घळाघळा पाणी आलं. आईनं उतरवलेली पोर एवढ्या वर्षांनी पुन्हा घोड्यावर बसली होती. मायाक्कानं ते पाहिलं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं, बघितलं नाही असं दाखवलं. राजेश्वरीला तिचा तो शहाणपणा फार आवडला.

उतारावर गारांनी गाठलं. घोडे बिचकले. एका ओढ्यातून जाताना राजेश्वरीच्या घोड्याचा पाय घसरला, ती मानेवर आपटली, आयाळ घट्ट धरली आणि कशीबशी सावरली. ऐगुलनं मागून हाक मारली, मायाक्कानं पुढं येऊन लगाम पकडला आणि तिघी दुपारी तळ्याकाठच्या तंबूत सुखरूप पोचल्या. तिथं ओला कोट काढताना राजेश्वरीचा हात सवयीनं छातीवर गेला. तिथं काहीच नव्हतं.

तिनं कोट झटकला, चोळी चाचपली, खोगीर उचकटलं. डबी नव्हती, दोराही नव्हता. जरीचा तो गुळगुळीत दोरा कुठल्या तरी गाठीतून निसटला होता. जुना सुती दोरा असता तर अंगाला चिकटून राहिला असता, आणि हे तिला इतकं लख्ख कळत होतं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

तंबूतल्या बाईनं गरम चहाचा वाडगा पुढं केला. राजेश्वरीनं मान हलवली. लिंग अंगावर नसेल तर अन्न नाही, पाणी नाही. तिच्या आईनं शिकवलं होतं ते. आईचं स्वतःचं लिंग एकदा विहिरीत पडलं तेव्हा विहीर उपसून ते सापडेपर्यंत तिनं थेंब घेतला नव्हता. हे ऐगुलला हिंदीत कसं सांगावं ते राजेश्वरीला कळेना, म्हणून ती मराठीतच मायाक्काला सांगत सुटली. मायाक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि आपल्यासमोरचा वाडगा उचलून पालथा घातला.

“तुम्हाला साखरेचा त्रास आहे,” राजेश्वरी म्हणाली. “असला वेडेपणा करू नका.”

“तुमास्नी तहान न्हाय व्हय?” मायाक्का म्हणाली. “दोघी संगं आलो. एकीनं घुटकं घ्यायचं आनि एकीनं बघत बसायचं, असलं मला जमायचं न्हाय.”

त्यावर वाद झाला आणि त्यात राजेश्वरी हरली. दुकानात बसून चार दलालांना गप्प करणारी बाई एका मेंढपाळणीपुढं हरली. गारा थांबल्या तशा तिघी पुन्हा चढाला लागल्या आणि अंधारून येईपर्यंत ओढ्याकाठचं गवत विंचरत राहिल्या. काही मिळालं नाही.

दुसऱ्या सकाळी दाक्षायणी मॅडमचा निरोप आला. दुपारी बस निघणार, विमान कुणासाठी थांबत नाही, तुमच्या भावना समजतात वगैरे. राजेश्वरीनं उलटा निरोप पाठवला की लिंग मिळाल्याशिवाय ती जागची हलणार नाही. बसला जायचं तर खुशाल जावं, सोलापूर कुठं आहे ते तिला ठाऊक आहे आणि ती हुडकत येईल. हे बोलताना तिची जीभ टाळूला चिकटत होती. तेवढ्यात सृष्टीचा फोन आला आणि मायाक्कानं लेकीला दिलेला शब्द पाळला. उपाशीपोटी, पाण्याशिवाय, तिनं गोळी तशीच कोरडी गिळून टाकली. राजेश्वरी तेव्हा खोगीर कसत होती, तिला ते दिसलं नाही.

ओढ्याच्या वरच्या अंगाला शोधता शोधता मायाक्का एकदम खाली बसली. राजेश्वरीनं वळून पाहिलं तर तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते, एवढ्या गारठ्यात. हात लटलटत होते, टकळी गवतात पडली होती, आणि ती काहीतरी बोलत होती त्यातलं अर्धं कळत नव्हतं. राजेश्वरीनं सासूला असंच झालेलं पाहिलं होतं. साखर उतरली होती. तिनं ऐगुलला हाक मारली. ऐगुलकडं थर्मासमध्ये साखर घातलेला चहा होता, तोच सगळ्यांचा लाकडी वाडगा होता, ज्यातून आदल्या दिवशी मटणाचं पाणी प्यायलं गेलं होतं. राजेश्वरीनं तो वाडगा मायाक्काच्या ओठाला लावला. मायाक्कानं दात आवळले.

“तुमी आदी,” ती कशीबशी म्हणाली.

“अगं, मरशील.”

“तुमी आदी.”

राजेश्वरी त्या वाडग्याकडं बघत राहिली. आईची आठवण झाली, विहिरीच्या काठावर कोरड्या ओठांनी बसलेली आई. तिला आईची भीती वाटली, देवाची वाटली, आणि समोर बसलेल्या, डोळे फिरवणाऱ्या या बाईची माया त्या दोन्हींपेक्षा जास्त वाटली. हे असं होईल असं तिला कुणी सोलापुरात सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. तिनं वाडगा तोंडाला लावला आणि मोठा घोट घेतला.

“घेतला बघ मी. आता पी तू.”

मायाक्का प्यायली. ऐगुलनं कोटाच्या खिशातून खडीसाखर काढली, तीही तिच्या तोंडात कोंबली. बऱ्याच वेळानं तिच्या डोळ्यांत ओळख परतली, आणि पहिलं काय केलं असेल तर ती रडायला लागली. आपल्यापायी राजेश्वरीचा नेम मोडला, म्हणून.

“मोडला तर माझा मोडला, त्याचा हिशेब मी देईन,” राजेश्वरी म्हणाली. तिच्याही गालांवर पाणी होतं, पण आवाज खणखणीत होता. “तू बस हितं. मी खालच्या अंगाला बघते. आज तो दगड मला भेटल्याशिवाय राहत नाही.”

मायाक्का बसणारी नव्हतीच. अंगात जरा जीव आला तशी ती उठली आणि घोंगडी आवळून दुसऱ्या काठानं निघाली. वाट ओढा ओलांडत होती तिथं दोघींनी कालपासून दहा वेळा पाहिलं होतं. आता त्या पाण्याबरोबर खाली खाली गेल्या. राजेश्वरी एका खडकाआड वाकून बघत होती तेवढ्यात तिला मायाक्काची आरोळी ऐकू आली, मेंढरं हाकताना मारतात तसली. ती धावत, ठेचकाळत वळणाच्या पलीकडं गेली.

ओढा तिथं पसरट होऊन मंद झाला होता. मेंढरांचा एक भलामोठा कळप पाण्यावर उतरला होता आणि मायाक्का गुडघाभर पाण्यात बसून, दोन्ही हात पसरून, तोंडानं हुर्र हुर्र करत त्याला अडवत होती. तिनं आपली घोंगडी पाण्यात बांधासारखी धरली होती. सांगोल्याची बोली त्या मेंढरांना कळत होती की काय कोण जाणे, पण कळप तिच्यापासून हातभर लांब थबकला होता. आणि तिच्या पुढ्यात, दोन दगडांच्या बेचक्यात, लाल दोऱ्याचं टोक पाण्यात वळवळत होतं. त्याच्याखाली रुप्याची डबी चमकत होती.

राजेश्वरी काठावरच खाली बसली. मायाक्काचे ओठ गारठ्यानं निळे पडले होते. डबी तिच्या हातापासून वीतभर लांब होती, आणि तिनं तिला स्पर्शसुद्धा केला नव्हता. नुसती राखत बसली होती.

“अगं, उचलायची होतीस की.”

“तुमी म्हनला हुता, हात लावू नका.”

ते तीन शब्द तिनं पहिल्या सकाळी टाकले आणि विसरून गेली होती. या बाईनं ते एवढे दिवस जपून ठेवले होते, आणि आता बर्फाच्या पाण्यात बसूनही पाळत होती. राजेश्वरीला इतकी लाज वाटली की मान वर करणं जड गेलं. पण तिनं मान वर केली. ती पाण्यात उतरली, मायाक्काच्या समोर बसली आणि आपला डावा तळहात पुढं केला.

“उचल, मायाक्का. आणि इथं ठेव.”

“मी? मी मटन खातीया, बाई.”

“माहीत आहे मला काय खातेस ते. उचल.”

मायाक्कानं आधी दोन्ही हात वाहत्या पाण्यात चोळून धुतले. मग ओंजळीनं डबी उचलली, कपाळाला लावली आणि राजेश्वरीच्या तळहातावर ठेवली. राजेश्वरीनं डबी उघडली. आत पाणी शिरलं होतं, पण लिंग जसंच्या तसं होतं. तिनं तिथंच, ओढ्याच्या पाण्यानं, पूजा केली. मायाक्का शेजारी बसून मेंढरांना हाकलत राहिली.

तळ्याकडं उतरताना मायाक्कानं घोड्यावर बसल्या बसल्याच टकळी काढली. तिच्या पिशवीत तिच्याच काळ्या मेंढीच्या पिंजलेल्या लोकरीचा पेळू होता. तिनं दोरा कातला, दुहेरी पिळला, आणि पुन्हा पिळला. लोकर सोवळी असते, तिला विटाळ नाही, हे तिला आणि राजेश्वरीला दोघींनाही माहीत होतं, त्यामुळं त्यावर बोलणं झालं नाही. दाक्षायणी मॅडम बसच्या दारात हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. बस थांबली होती. त्या काही बोलायच्या आत राजेश्वरीनं सांगितलं की आतापासून आम्ही दोघी शेजारी बसणार, आणि खिडकी मायाक्काची.

सोलापुरात आल्यावर शंकरप्पानं तो काळा खरखरीत दोरा पाहिला आणि दुकानातलं अस्सल रेशीम काढून पुढं ठेवलं. राजेश्वरीनं ते घडी करून परत फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती मठात गेली. तिला दीक्षा देणारे स्वामी आता फार म्हातारे झाले होते. तिनं काही लपवलं नाही. नवा दोरा का घेतला तेही सांगितलं, लिंग अंगावर नसताना चहा प्यायला तेही सांगितलं, कुठल्या वाडग्यातून तेही सांगितलं. प्रायश्चित्त द्याल ते घेईन, एक सोडून सात उपास सांगा, पण हा दोरा काढायला सांगू नका, असं म्हणाली. विनंतीचा सूर धरायचा तिनं घरून निघतानाच ठरवलं होतं, पण तो काही लागला नाही.

स्वामींनी तो दोरा बोटांत धरून बराच वेळ पाहिला.

“आपल्यात लिंग तळहातावर कोण ठेवतं, राजेश्वरी?” त्यांनी विचारलं.

“गुरू.”

“मग झालं तर. ती तुझी कोण झाली ते कळवलंस का तिला?”

“कळवलं, कालच. फोनवर लई हसली.” राजेश्वरीनं डोळे पुसले. “म्हणाली, गुरू म्हनताय तर दक्षिणा लागंल. कडक भाकरीची एक थप्पी घिऊन या, आनि येताना घोड्यावर या.”

स्वामी हसले. राजेश्वरी नमस्कार करून उठली. एस.टी. स्टँडवर सांगोल्याची गाडी लागली होती, आणि डबा तिनं सकाळीच भरून पिशवीत ठेवला होता.